भिंतीआडच्या कामाचा दर

गेल्या उन्हाळ्यात वळसंगच्या आमच्या घरातली मोरीची भिंत ओली दिसायला लागली. आई तिथं एकटी राहते. नळ थेंबथेंब गळतोय आणि त्याच्याखालचा गिलावा फुगून पोपडे निघतायत, असं तिनं फोनवर सांगितलं. मी पुण्यात. बसल्या जागेवरून तीन मिस्त्र्यांना फोन केले. पहिला म्हणाला, "जुना लोखंडी पाइप असणार साहेब, भिंत फोडावी लागतीय. चार हजार धरून चला." दुसरा म्हणाला, "बघितल्याबिगर काय सांगू?" तिसऱ्यानं घर कुठल्या गल्लीत ते विचारलं, संध्याकाळी चक्कर मारतो म्हणाला आणि खरोखर आला.

शेजारच्या पोरानं व्हिडिओ कॉल लावून दिला, म्हणून मला सगळं दिसलं. मिस्त्रीनं आधी गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. नळाला लगेच पाना लावला नाही. एका हातानं भिंतीजवळचा निपल घट्ट धरून दुसऱ्या हातानं नळ हळूहळू सैल केला. नळ निघाला, मग निपल निघाला. निपलाच्या आट्यांवरची टेफ्लॉन टेप फाटून तिच्या चिंध्या झाल्या होत्या. नळाचा वॉशर झिजल्यामुळे पाणी तोंडातून गळत होतं, आणि टेप गेल्यामुळे तेच पाणी आट्यांमधून भिंतीत मुरत होतं. त्यानं तारेच्या ब्रशनं आटे साफ केले, नवी टेप दहा-बारा वेढे गुंडाळली, वॉशर बदलला, नळ बसवला, पाणी सोडलं आणि जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा धरून दहा मिनिटं उभा राहिला. कागद कोरडाच राहिला. यायचे, कामाचे आणि सामानाचे मिळून साडेचारशे रुपये घेतले.

पहिल्यानं मला फसवायला काढलं होतं, असं मी दोन दिवस धरून चाललो होतो. पैसे पोचल्याचं विचारायला तिसऱ्याला फोन केला, त्या चार हजारांचं सांगितलं, तेव्हा तोच म्हणाला, "तो काय खोटं बोलला नाही हो काका. जुन्या लोखंडी लायनीला पाना लावला की आतला एल्बोच तुटतोय. मग फोडायचीच भिंत. त्यानं ते धरून सांगितला. मी आधी हात लावून बघितलो, एवढंच."

हा लेख त्या एका वाक्यातून सुरू झाला. चार हजारांत लबाडी असेलच असं नाही. त्यात भीतीची किंमत होती. न पाहिलेल्या कामाचा दर मागितला, की मिस्त्री सगळ्यात वाईट काय घडू शकेल त्याचा दर सांगतो. लहान नळकामांच्या दरांत जी ओढाताण दिसते, तिचं मोठं कारण मला हेच वाटतं. रास्त दर मिळवण्याची वाटही त्यामुळे घासाघिशीतून जात नाही. माहीत असलेलं काम आणि माहीत नसलेलं काम वेगळं काढलं, की ती वाट सापडते.

वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं गाव. सोलापूर वीसेक किलोमीटरवर. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथल्या एका विहिरीच्या उद्घाटनाला आले होते, आणि त्या विहिरीमुळे पाण्याच्या हक्काच्या इतिहासात गावाचं नाव आहे. विहीर, आड, रहाट, दोर, बादली, पाण्याची ही सगळी साधनं तेव्हा डोळ्यांपुढे असायची. दोर तुटला तर तुटलेला दिसायचा, आणि नव्या दोराला काय पडतं हे बाजारात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. पाणी पाइपात शिरलं आणि पाइप भिंतीत गेला, तेव्हापासून बिघाड दिसेनासा झाला. बिघाड दिसत नाही, त्यामुळे त्याचा दर बोलणारा एकच माणूस उरला.

आणखी एक गोष्ट आहे. सुतार, लोहार, कुंभार या कामांना गावात पिढ्यांचा रिवाज होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त बलुत्याची ती सगळी व्यवस्था सापडते. या कारूंना कामागणिक पैसे नव्हते, सुगीला धान्य होतं. ती व्यवस्था न्यायाची होती असं मी म्हणणार नाही. तिच्यात जातीची सक्ती होती आणि राबणाऱ्याच्या पदरात थोडं पडायचं. पण कुणाला काय द्यायचं याबद्दल गावाची एक समजूत होती. नळकाम गावात पोचलं तेव्हा बलुतं विरत आलं होतं. त्यामुळे प्लंबरच्या कामाला रिवाजाचा दर कधी पडलाच नाही. शहरात त्याची जागा पावती आणि दरपत्रकानं घ्यायला हवी होती, तिथंही ती अर्धवटच घेतली.

दरपत्रक म्हणजे काय ते प्रत्येक केशकर्तनालयात दिसतं. नाभिक संघटनेचा छापील फलक आरशाशेजारी टांगलेला असतो, कटिंग इतके, दाढी इतके. पिठाच्या गिरणीत किलोचा दर खडूनं लिहिलेला असतो. तिथं कुणी भांडत नाही. मग नळवाल्याचा फलक का नाही? डोकी साधारण सारखी असतात, भिंती सारख्या नसतात. वळसंगमध्ये एकाच गल्लीत दगडमातीचं जुनं घर, त्याच्याशेजारी वीटबांधणीचं स्लॅबचं घर आणि त्याच्यापुढे गेल्या वर्षीचं टाइल्सचं घर असतं. पहिल्यात जीआय म्हणजे लोखंडी पाइप उघड्यावर, दुसऱ्यात तोच पाइप भिंतीत गंजलेला, तिसऱ्यात सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा. 'नळ बदलणे' या दोन शब्दांच्या मागे तीन वेगळी कामं असतात.

याच रस्त्यावर, वळसंगच्या अलीकडे, कुंभारीला रे नगर आहे. विडी कामगार आणि असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत. त्यांतल्या पंधरा हजार घरांचं हस्तांतर १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. तिथं घरं एकाच आराखड्याची आहेत. एका घरातला नळ बदलायला काय लागतं हे एका बाईला कळलं, की ते साऱ्या इमारतीला कळू शकतं. अशा ठिकाणी ठरलेल्या दराचा फलक उद्या लागू शकतो. वळसंगला तो पुरा लागणार नाही, थोडा लागेल. त्याबद्दल शेवटी लिहितो.

न दिसणाऱ्या बिघाडाची ही अडचण अर्थशास्त्रात १९७३ साली नोंदली गेली. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी अशा सेवांचा विचार मांडला, ज्यांत नेमकी किती दुरुस्ती हवी होती हे गिऱ्हाइकाला काम झाल्यावरही कळत नाही. डॉक्टर, गॅरेजवाला, प्लंबर हे सगळे त्यात येतात. बिघाड शोधणारा आणि दुरुस्त करून पैसे घेणारा माणूस एकच असतो. भिंत फोडून पाइप बदलला आणि गळती थांबली, तर नुसत्या टेपनं थांबली असती का, हे घरमालकाला कधीच कळणार नाही.

या विषयावरचे दोन प्रयोग मला वळसंगसाठी फार महत्त्वाचे वाटतात. एक अमेरिकेतला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडी-दुरुस्तीच्या दुकानांना फोन करवून एकाच कामाचा दर विचारला. 'मला दराचा काही अंदाज नाही' असं सांगितल्यावर बायकांना पुरुषांपेक्षा जास्त दर सांगितला गेला. 'बाजारात साधारण इतके पडतात असं ऐकलंय' असं म्हटल्यावर हा फरक नाहीसा झाला. दुसरा ऑस्ट्रियातला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला. मुद्दाम एकच बिघाड केलेले संगणक दुरुस्तीला दिले. काही दुकानांत 'बिल विमा कंपनी भरणार आहे' असं सहज सांगितलं. त्यांची बिलं सरासरीनं ऐंशी टक्क्यांहून जास्त फुगली.

वळसंगच्या घरांत नळाला विमा नसतो. पण 'पैसे पोरगा पुण्यावरून पाठवतोय' हे वाक्य असतं, आणि ते विम्यासारखंच काम करतं. पैसे देणारा समोर नाही, समोरची म्हातारी बाई दराबद्दल काही बोलणार नाही, हे कळलं की आकडा आपोआप वर जातो. त्यासाठी मिस्त्री वाईटच असायला हवा असं नाही. माझ्या पुण्याच्या नंबरावरून गेलेल्या फोनलाही बहुधा तेच झालं. तेव्हापासून दर आईच विचारते. शेजारच्या दोन घरांत गेल्या महिन्यात काय पडलं ते आधी विचारून घेते, आणि बोलण्यात ते घालते. 'पाटलांच्यात मागल्या आठवड्यात फ्लशचं काम इतक्या रुपयांत झालं म्हणे, तेवढ्यातच होईल ना?' एवढं पुरतं.

आता मिस्त्रीच्या बाजूनं पाहू. ती बाजू आपण फार कमी पाहतो.

वॉशर बदलायला वीस मिनिटं लागतात. पण मिस्त्रीचा हिशेब वीस मिनिटांचा नसतो. तो येतो, बघतो, कुठल्या मापाचं सामान लागणार ते कळल्यावर दुकानात जातो, दुकानात ते नसेल तर सोलापूरचा रस्ता धरतो, परत येतो. सॉल्व्हंटनं चिकटवलेला जोड असेल तर तो सुकेपर्यंत पाणी सोडता येत नाही, थांबावं लागतं. लहान कामात अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसात हजेरीचं दुसरं काम बुडतं. म्हणूनच गावातली सगळ्यात मोठी तक्रार 'जास्त घेतले' ही नाहीच, 'येतो म्हणाला आणि आला नाही' ही आहे. परवडत नाही असं तोंडावर म्हणणं आपल्याकडे अवघड जातं. मग ते दोन प्रकारे म्हटलं जातं, एक तर आकडा वाढवून, नाहीतर न येऊन. घासून घासून दीडशेवर आणलेला मिस्त्री आठ दिवस येत नाही, आणि सेकंदाला एक थेंब गळणारा नळ तेवढ्यात रोज वीसेक लिटर पाणी घालवतो. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोजचं पाणी धरलं आहे ५५ लिटर. सोलापूर भागात दिवसाआड नव्हे, कित्येक दिवसांआड पाणी येतं. तिथं हा हिशेब रुपयांतच करायला हवा असं नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की 'यायचे पैसे' वेगळे ठरवावेत आणि ते मान्य करावेत. येऊन बघून बिघाड सांगणं हे स्वतःच काम आहे. ते फुकट मागितलं, की त्याचे पैसे दुरुस्तीत घातले जातात, आणि मग दुरुस्ती मोठी असण्यात मिस्त्रीचा फायदा होतो. बघण्याचे वेगळे दिले की 'नुसती टेप बदलली की होतंय' असं सांगायला त्याला तोटा राहत नाही. मोठ्या शहरांत मोबाइलवरून कामगार पाठवणाऱ्या कंपन्या हेच करतात. यायचा आकार, प्रत्येक कामाचा छापील दर, सामान वेगळं. त्यांच्या दरांबद्दल आणि कामगारांकडून कापून घेण्याबद्दल पुष्कळ बोलता येईल, पण ही एक गोष्ट त्यांनी बरोबर ओळखली.

तीन ठिकाणी दर विचारण्याचा सल्ला सगळेच देतात. नवी बाथरूम, गच्चीवरची टाकी आणि तिची सगळी लाइन, बोअरपासून घरापर्यंतचा पाइप, असल्या कामांना तो योग्यच आहे. वॉशरसाठी तीन माणसांना पेट्रोल जाळून बोलावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि वळसंगएवढ्या गावात ते लपतही नाही. तिन्ही मिस्त्री एकाच हार्डवेअरच्या दुकानात भेटतात. लहान कामाला एकच माणूस धरावा, पण कामं साठवावीत. गळका नळ, फ्लशची टाकी, बेसिनखालचा पाइप, टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह हे सगळं एका कागदावर लिहून एकाच फेरीत करून घेतलं, की यायचे पैसे चार कामांत वाटले जातात.

बोलावण्याआधी घरातल्या घरात थोडं शोधता येतं. फ्लश गळतोय का ते पाहायला टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाकावेत आणि वीस मिनिटं कुणी फ्लश ओढू नये. भांड्यात निळं पाणी उतरलं तर आतला वॉशर गेला. भिंत ओली असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवावा आणि भिंत वाळायला लागते का ते एक-दोन दिवस बघावं. वाळली तर पाणी पाइपातलं आहे. नाही वाळली तर ते फरशीच्या दर्जांतून किंवा बाहेरून येतंय, आणि मग प्लंबर नव्हे, गवंडी हवा. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी नळाच्या तोंडची जाळी काढून बघावी. आपल्याकडच्या पाण्यातल्या क्षारांनी ती बुजते आणि लोक 'लाइन जाम झाली' म्हणून पाइप बदलायचे दर विचारत बसतात.

दर ठरवताना उक्तं द्यावं की हजेरीवर, हा जुना वाद आहे. माझं मत स्पष्ट आहे. बिघाड माहीत असेल तर उक्तं, माहीत नसेल तर अर्ध्या दिवसाची हजेरी. न कळलेली गळती उक्ती दिली, की आकड्यात भीती शिरलीच. आणि जुनी जीआय लाइन असेल तर बोलणी दोन भागांत करावीत. न तुटता निघालं तर इतके, तुटलं आणि भिंत फोडावी लागली तर इतके. हे दोन आकडे आधी बोलले गेले तर पाना लावताना मिस्त्रीचा हात थरथरत नाही. भिंत फोडायची असेल तर ती परत बुजवणार कोण, गिलावा आणि टाइल कुणाकडे, हेही त्यातच विचारावं. बहुतेक भांडणं पाइपावरून होत नाहीत, उघड्या राहिलेल्या खाचेवरून होतात.

सामानाचा मुद्दा नाजूक आहे. काही दुकानं मिस्त्र्यांना टक्केवारी देतात, आणि पाइप-फिटिंगच्या कंपन्यांच्या प्लंबरांसाठी बक्षिसाच्या योजना असतात. यावर 'सगळं सामान आपणच आणावं' असा उपाय सांगतात. मला तो अर्धाच पटतो. घरमालकानं चुकीच्या मापाचा एल्बो आणला तर पुन्हा फेरी पडते, आणि गळती झाली की 'सामान तुमचं होतं' हे उत्तर तयार असतं. त्यापेक्षा यादी मिस्त्रीनं लिहावी, पैसे आपण थेट दुकानदाराला द्यावेत आणि बिल आपल्या नावावर घ्यावं. पाइपावर छापलेलं वाचावं, माप, आयएसआयची खूण, जाडीचा वर्ग. सीपीव्हीसीमध्ये एसडीआर ११ चा पाइप १३.५ पेक्षा जाड असतो, आकडा लहान तितकी भिंत जाड. आणि मजुरी नीट द्यावी. मजुरी कापून कापून अशी केली की टक्केवारीशिवाय चूल पेटत नाही, तर टक्केवारी थांबणार कशी?

ठरलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत लिहून पाठवावं. 'यायचे इतके, मोरीतला नळ आणि फ्लश मजुरी इतकी, सामान बिलाप्रमाणे, महिन्यात परत गळलं तर फुकट.' समोरून 'ओके' आलं की झालं. हा अविश्वास नाही, विसरण्यावरचा उपाय आहे. आणि काम बिनसलंच तर तोच पुरावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पैसे देऊन घेतलेल्या सेवेला लागू आहे, जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या कामाच्या तक्रारीला शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तरी साडेचारशे रुपयांसाठी सोलापूरला तारखा करायला कुणी जाणार नाही, आणि जाऊही नये. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, तेव्हापासून या चळवळीचं बळ कोर्टापेक्षा ग्राहकांनी एकत्र येण्यात राहिलं आहे. गावात तर तेच जमण्यासारखं आहे.

शिकलेल्या हातांची वाण हाही या प्रश्नाचा भाग आहे. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पण पोरं इलेक्ट्रिशियन आणि फिटरकडे पाहतात. देशभरातल्या शहरांत नळकाम करणारे कितीतरी हात ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातून येतात. तिथल्या पट्टामुंडाईला या कामाची स्वतंत्र संस्था आहे. एका भागानं हे काम मानाचं मानलं, शिकवलं, आणि त्यावर घरं उभी केली. जलजीवनमुळे आपल्याकडे 'नल जल मित्र' म्हणून गावातल्याच तरुणांना नळजोडणी, मोटर आणि पंप यांचं प्रशिक्षण देण्याची योजना आली आहे. गावात शिकलेला मिस्त्री असणं हाच रास्त दराचा सगळ्यात भक्कम आधार आहे. त्याला उद्या त्याच गल्लीतून जायचं असतं.

म्हणून वळसंगकरांपुढे, आणि अशाच गावांतल्या सगळ्यांपुढे, एक मागणं ठेवतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला गावातल्या मिस्त्र्यांना बोलवा, बचत गटाच्या बायकांना पुढे बसवा, आणि पाचच दर ठरवा. यायचे, वॉशर बदलायचे, नळ बदलायचे, फ्लशच्या दुरुस्तीचे, अर्ध्या दिवसाच्या हजेरीचे. भिंतीआडचं बाकीचं काम ज्याचं त्यानं बोलावं. हा फलक हार्डवेअरच्या दुकानात लावा. त्याखाली घरमालकांनी स्वतःसाठीही एक ओळ लिहून घ्यावी, काम झालं की पैसे त्याच दिवशी. 'उद्या ये, देतो' म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येक मिस्त्रीनं ती फेरी पुढच्या घराच्या दरात घातलेली असते, आणि पुढचं घर कुणाच्या तरी एकट्या आईचं असतं.